गाईचं पान

माझ्या नाकावर राग असतो, हे गंगापूर रोडवरच्या माझ्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कुत्र्याला वाटीभर श्रीखंड चारून वर 'डॉक्टर, याला जुलाब का हो होतात?' असं विचारणाऱ्यांना मी बसा म्हणत नाही. केसाळ मांजर हौसेनं विकत आणून एप्रिलच्या उन्हात गच्चीवर ठेवणाऱ्या एका जोडप्याला मी एकदा सांगितलं होतं, 'तुम्ही दोघं स्वेटर घालून तासभर तिथं बसा, मग आपण बोलू.' लोक तरीही येतात. 'बाई तोंडाने फटकळ आहे, पण हाताला गुण आहे,' असं म्हणतात म्हणे. पंचवीस वर्षं हेच ऐकत आल्यामुळे मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. जनावराच्या बाजूने बोलायची वेळ आली की आपण कुणाच्या बापाला घाबरत नाही, असं मी स्वतःबद्दल धरूनच चालले होते.

दवाखान्यापासून दोन चौक पुढे एका लहानशा देवळाच्या भिंतीला टेकून एक बाई गाय घेऊन बसायची. बाई मूळची गिरणारे गावाकडची, वय माझ्याच आसपास, म्हणजे पन्नाशी उलटलेली. घरची फुलांची आणि टोमॅटोची शेती दिरांकडे गेली, आणि नवऱ्याच्या माघारी हिच्या वाट्याला ही एक गाय आली. गाय पांढरी, गावठी, दूध कधीच आटलेलं. बाई रोज सकाळी लसूणघासाच्या हिरव्यागार जुड्या बांधून समोर मांडून बसे. फिरायला निघालेले लोक एक जुडी विकत घेत, गाईला चारत, तिच्या पाठीवरून फिरवलेला हात स्वतःच्या कपाळाला लावत आणि पुढे जात. शेजारच्या सोसायटीच्या बाजूला एक मोकळा प्लॉट होता, तिथं पत्र्याची शेड टाकून दोघी राहायच्या.

मला हे मुळीच आवडायचं नाही. तासन्‌तास एका जागी बांधून घातलेली गाय, आजूबाजूला गाड्यांचा धूर, खाली डांबर. आणि लोकांना दोन मिनिटांत पुण्य पाहिजे म्हणून हा सगळा मांडलेला बाजार. एकदा मे महिन्यात मी गाडी थांबवली आणि काच खाली करून म्हटलं, "मावशी, डांबर किती तापलंय ते हात लावून बघा जरा."

"बघितलंय ताई," ती म्हणाली. "म्हणून तर ओलं पोतं टाकलंय तिच्या पायाखाली."

मी वाकून बघितलं. खरंच पोतं होतं, चांगलं निथळत होतं. पण माझा राग एकदा चढला की उतरायला त्याला वेळ लागतो. "पुन्हा ही उन्हात दिसली ना, तर मी महापालिकेला फोन करीन. गाडी येऊन उचलून नेईल," असं बोलून मी काच वर केली. बाईनं हात जोडले. त्यानंतर माझी गाडी लांबून दिसली की ती लगबगीनं उठायची आणि गाईला भिंतीच्या सावलीत आणखी आत सरकवायची. माझ्या नजरेला नजर देत नसे. धाक बसला, असं समजून मी खूश होते.

खरं तर ती गाय माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी लाडावलेल्या कुत्र्यांपेक्षा नीट ठेवलेली होती. अंगावर गोचीड नाही, खूर वेळच्या वेळी साफ केलेले, दुपारी एकच्या आत ती शेडमध्ये नेलेली असे. हे मला दिसत होतं, पण तसं एका शब्दाने मी त्या बाईला कधी म्हटलं नाही.

भाद्रपदात पितृपंधरवडा आला की माझं डोकं हमखास फिरतं. वडा-खिरीचं पान पितरांच्या नावानं गाईला द्यायचं, ही रीत जुनीच. पूर्वी गावात घरोघरी गाय होती. एका घरचं एक पान एका गाईला जायचं आणि पचूनही जायचं. आता गंगापूर रोडला टॉवरवर टॉवर उभे राहिले, आणि दोनअडीचशे घरांत मिळून गाय ती एकच. गाईचं पोट गवतासाठी असतं. त्यात भात, पुऱ्या, वडे असं शिजवलेलं अन्न भसाभसा गेलं की ते आत आंबतं, त्याचं अॅसिड होतं आणि जनावर आतून पोळून निघतं. गाईला हे कळत नाही. गोडधोड समोर आलं की ती खातच सुटते. दर वर्षी या पंधरा दिवसांत मी अशा दोन-तीन गाई तरी बघते. म्हणून मी दवाखान्याच्या दारावर पाटीच लावली होती, 'गाईला एक घास द्या. आख्खं पान देऊ नका.' खाली लाल शाईनं रेघ मारलेली.

त्या वर्षी सर्वपित्री अमावस्येला आईनं नेहमीप्रमाणे पहाटेपासून स्वयंपाक मांडला. आई माझ्याकडेच असते, ब्याऐंशी वर्षांची आहे. उडदाचे वडे, खीर, आळूच्या वड्या, कढी, गवार-भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं साग्रसंगीत. आमच्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीला कबुतरांसाठी जाळी बसवल्यापासून कावळाही येईनासा झाला आहे. त्यामुळे कावळ्याच्या वाट्याचंही गाईच्याच पानावर. केळीच्या पानावर तिनं सगळं वाढलं, वर दुसरं पान झाकलं आणि माझ्या हातात दिलं.

"आई, एक घास पुरे," मी म्हटलं. "मी दारावर पाटी लावलीय अगं. लोक काय म्हणतील मला?"

"लोकांचं मला सांगू नकोस. वर्षातून एकदा तुझे वडील जेवायला येतात, त्यांना घासावर बोळवू?" आई म्हणाली. "आणि गाय खाईपर्यंत मी जेवणार नाही. खाल्लं की फोन कर."

तिला मधुमेह आहे. साडेदहा वाजले होते, आणि ती पहाटेपासून उपाशी होती. मनात म्हटलं, एका पानानं काय होतंय.

देवळापाशी पोचले तर ही गर्दी! कुणाच्या हातात स्टीलचे डबे, कुणाच्या हातात पत्रावळ, कुणाकडे कागदाच्या प्लेटा. बाई उभी राहून सगळ्यांना विनवत होती, "थोडंच द्या हो. लय झालंय तिचं सकाळपासून. इथं बादलीत ठेवा, संध्याकाळी देते मी तिला." माझ्या पुढचे एक झब्बेवाले गृहस्थ उखडले. "बादलीत? आमच्या वडिलांचं पान आहे ते. आमच्यासमोर खाऊ दे तिला, घरी सगळे खोळंबलेत जेवायचे." बाई बाजूला झाली. बरोबरच आहे, कुणाच्या मेलेल्या बापाचं पान ती कोणत्या तोंडानं परत करणार? त्यांनी पुऱ्यांची चळत गाईच्या तोंडापुढे धरली आणि गाईनं ती संपवली.

तेवढ्यात बाईनं मला पाहिलं. त्या दिवसापर्यंत मला बघून खाली मान घालणारी ती बाई, पण माझ्याकडे बघून तिचा चेहरा एकदम उजळला. तिला वाटलं असणार, आली ही फटकळ डॉक्टरीण, आता सगळ्यांना हाकलून लावेल. मग तिची नजर माझ्या हातातल्या पानावर गेली.

गाईची डावी कूस टम्म भरलेली होती. एरवी तिथं बसल्या बसल्या ती रवंथ करत असे, आज जबडा हलत नव्हता. हे मला दिसलं. पंचवीस वर्षं जी नजर कमावली, तिला ते न दिसून कसं चालेल? आणि तरीही मी म्हटलं, "मावशी, आई उपाशी थांबलीय हो घरी. एवढं घ्या."

तिनं माझं पान घेतलं आणि गाईपुढे ठेवलं. गाईनं आधी खीर चाटली, मग वडे उचलले, मग पानसुद्धा खाल्लं. मी तिथूनच फोन लावला. "खाल्लं?" आईनं विचारलं. "खाल्लं." "आधी काय खाल्लं गं?" "खीर." "तुझ्या वडिलांना खीरच आवडायची," आई म्हणाली, आणि तिचा आवाज इतका समाधानाचा होता की मलाही बरं वाटलं. मागच्या माणसाला जागा देऊन मी गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती. सकाळी दहाच्या सुमाराला बाई दवाखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. आत यायला तयार नव्हती.

"ताई, गाय उठंना," ती म्हणाली. "काल संध्याकाळपासून रवंथ नाय. रातीला ओवा-तेल पाजलं, ताक पाजलं. आता मान पण धरंना."

"काल संध्याकाळपासून? मग कालच का नाही आलात?" मी तिच्यावर ओरडले.

"तुम्ही गाडी बोलवून तिला उचलून न्याल म्हणून भ्याले," ती म्हणाली.

मी बॅग उचलली आणि तिच्याबरोबर निघाले.

शेडमध्ये गाय एका कुशीवर पडली होती. डोळे खोल गेलेले, कान गार, नाडी इतकी भरभर की मोजताना मी चुकत होते. मधूनमधून दात करकरा खायची आणि कण्हायची. तोंडातून नळी पोटात घातली तर आंबूस, नाकाला झोंबणारं पाणी बाहेर आलं. त्यात भाताची शितं होती, आळूवडीचे तुकडे होते, फुगलेले बेदाणे होते. आमच्याकडेही खिरीत बेदाणे घालतात. ते कुणाच्या घरचे होते हे सांगायला काही मार्ग नव्हता.

पोट चिरून आतलं सगळं हातानं काढता येतं, पण ते आदल्या संध्याकाळी जमलं असतं. आता तिला उभं राहायचंही बळ नव्हतं, चिरली असती तर तशीच गेली असती. सोड्याचं पाणी पोटात घातलं, शिरेतून सलाईनमागून सलाईन चढवली, दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं. मला येत होतं ते सगळं केलं. तीन वाजेपर्यंत तिचं अंग आणखी गार पडलं, आणि कण्हणं तेवढं वाढलं. पाय झाडायला लागली. डोकं जमिनीवर आपटत होती, तर बाईनं ते आपल्या मांडीवर घेतलं.

"खरं सांगा ताई," ती म्हणाली. "वाचंल का?"

"नाही वाचणार."

"किती वेळ चालंल हे असं?"

"उद्यापर्यंत. एखादवेळी परवापर्यंतसुद्धा."

"दुखतंय तिला?"

"खूप दुखतंय. माझं औषध पुरं पडत नाहीये."

ती गाईच्या शिंगांमधल्या केसांतून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "तुमच्याकडं ते औषध हाय ना? सोसायटीतल्या साहेबांच्या कुत्र्याला दिलं होतं ते? साहेब मला सांगताना लय रडले होते. झोपल्यासारखा गेला म्हणाले, कुठं दुखलं नाय. तसंच हिला द्या. मोकळी करा तिला."

औषध माझ्या बॅगेत होतं. गाईसाठी जास्त लागतं, पण तेवढं होतं. कायद्याची वाटही होती. वाचण्याची आशा नसलेल्या आणि हाल होत असलेल्या जनावराला सोडवता येतं, फक्त त्याचे कागद नीट व्हावे लागतात. सरकारी दवाखान्यात माझा कॉलेजपासूनचा मित्र आहे, त्याला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "मी अर्ध्या तासात येतो, तपासून सही करतो," तो म्हणाला. "कागदांची काळजी तू करू नकोस. फक्त तू हो म्हण." म्हणजे मला अडवणारं काहीही नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण नंतर कायद्याची सबब मी बऱ्याच जणांना सांगितली, आणि ती खोटी होती.

बाईचं बोलणं कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या दोघी-तिघींनी ऐकलं. पाच मिनिटांत सोसायटीतून माणसं खाली आली. नवीन साड्या, कपाळाला कुंकू. बहुतेकांच्या घरी सकाळीच घट बसले होते. सगळ्यांच्या पुढे सोसायटीचे अध्यक्ष होते. बँकेतून निवृत्त झालेले, अगदी सज्जन माणूस. त्यांच्याच म्हाताऱ्या कुत्र्याला मी दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दिवाणखान्यात, त्याच्या नेहमीच्या गादीवर झोपवलं होतं. ते शेवटपर्यंत त्याचा पंजा धरून बसले होते, आणि नंतर माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले होते, 'तुमचे उपकार झाले.'

"डॉक्टर, आम्ही काय ऐकतोय हे?" ते म्हणाले. "तुम्ही गाय मारणार?"

"मारणार नाही, हालातून सोडवणार. तुमच्या कुत्र्याला सोडवलं तशीच."

"कुत्र्याची गोष्ट वेगळी आहे हो."

"दुखणं वेगळं असतं का?"

"तुम्ही वाद घालू नका. आज घट बसलेत घराघरात. आजच्या दिवशी, आमच्या दारात गोहत्या? तिला तिच्या मरणानं जाऊ द्या. देवाच्या मनात असेल तसं होईल."

मला सांगायचं होतं, यात देवाचा काय संबंध? तिला आपण मारलंय. काल सकाळी सातपासून तुम्ही, मी, आपण सगळ्यांनी रांगेत उभं राहून मारलंय. आता निदान ते पुरं करायची लाज बाळगा. शब्द अगदी ओठावर आले होते. तेवढ्यात मागून एकानं विचारलं, "मॅडम, तुमच्या दवाखान्याचं नाव काय?" बघितलं तर त्याचा मोबाईल माझ्या तोंडासमोर धरलेला. शेजारी आणखी दोन मोबाईल. एक बाई कुणाला तरी फोनवर सांगत होती, "हो हो, ये ना लवकर, इथं गाईला विषाचं इंजेक्शन देतायत."

डोळ्यांसमोर ते चित्र गावभर फिरताना दिसलं. दवाखान्याच्या काचा दिसल्या, घरी एकटी असलेली आई दिसली. कुत्रीवाल्यांवर आणि मांजरवाल्यांवर पंचवीस वर्षं तोंड सोडणारी मी, माझ्या तोंडून आवाज निघेना. ज्यांना मी ओरडत आले ते सगळे माझं ऐकूनच घेणारे होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

बाई गाईचं डोकं मांडीवर घेऊन खालून माझ्याकडे बघत होती. "द्या ताई," ती हळूच म्हणाली. "माझी गाय हाय. मी सांगते सगळ्यांना."

मी शेपूट घातली. दुसरा शब्द नाही त्याला. "आणखी एक सलाईन लावून बघू," मी मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "उद्या सकाळपर्यंत वाट बघू."

लोकांचे चेहरे एकदम निवळले. अध्यक्षांनी मला हात जोडले. कुणीतरी म्हणालं, "बघा, डॉक्टरांनी हिंमत सोडली नाही." एका सुनेनं माझ्यासाठी घरातून चहा आणला, आणि मी तो प्याले. मित्राला फोन करून सांगितलं, येऊ नकोस. तो 'बरं' म्हणाला.

सलाईन लावली. दुखण्याचं आणखी एक इंजेक्शन दिलं, त्याच्यापेक्षा जास्त देण्यासारखं नव्हतं. ते तासाभरात उतरणार हे मला माहीत होतं, आणि बाईलाही ते कळलं होतं. सहाला आरतीची वेळ झाली तशी गर्दी पांगली. साडेसातला मीही निघाले. बाईनं मला थांबा म्हटलं नाही. शेडच्या दारातून वळून बघितलं तेव्हा ती ओल्या फडक्यानं गाईचं तोंड पुसत होती.

घरी आईनं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. ती आधी म्हणाली, "तुझ्या वडिलांच्या पानानं नाही हो काही होत." मग तिनं विचारलं, "फार दुखत होतं का गं तिला?" मी हो म्हटलं. त्यावर ती घटापाशी जाऊन बसली.

सकाळी आठला गेले तेव्हा गाय जिवंत होती. पाय झाडून झाडून तिच्या खुरांखाली जमिनीत खळगे पडले होते, आणि कोपराची कातडी सोलवटून निघाली होती. बाईचा आवाज बसला होता. मी पुन्हा ते दुखण्याचंच इंजेक्शन भरलं. तिनं फक्त बाजूला सरकून मला जागा दिली. गाय दुपारी साडेबाराला गेली.

त्यानंतर मात्र सोसायटीनं काही कमी केलं नाही. हार आले, नवी कोरी साडी पांघरली, हळदकुंकू वाहिलं. खड्डा खणायला जेसीबी आणला. बायका रडत होत्या, आणि ते रडणं खोटं नव्हतं. अध्यक्ष माझ्याजवळ येऊन म्हणाले, "किती शांत गेली, नाही? घरच्या माणसासारखी." मी त्या खुरांखालच्या खळग्यांकडे बघितलं. त्यांच्यावर आता फुलं पडली होती. मी 'हो' म्हटलं.

त्यांनी बाईला नवी गाय घेऊन द्यायचंही ठरवलं होतं. तिनं ती नको म्हटलं. लोकांना तो मानीपणा वाटला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी देवळापाशी गेले. बाई तिथंच बसली होती, समोर दिरांच्या मळ्यातल्या झेंडूचे ढीग. गिऱ्हाईक नव्हतं. आठ दिवस मी जे बोलायचं ठरवत होते, ते उभ्या उभ्याच बोलून टाकलं. म्हटलं, "मावशी, माझं चुकलं. पान दिलं तेही चुकलं, पण ते एक वेळ सोडा. तुम्ही सोडवा म्हणत होतात, औषध माझ्याजवळ होतं, आणि मी त्या लोकांना भ्याले. मला माफ करा."

तिनं हातातली माळ पुरी ओवली, गाठ मारली आणि माळ बाजूला ठेवली. मग सरळ माझ्या डोळ्यांत बघून बोलली. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"माझी कशाला माफी मागता ताई?" ती म्हणाली. "रातभर मी तर नुसती बसून होते. दुखत तिला होतं."